पहिला मजला

प्रिती गमरे परळच्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवायची. एका सकाळी फळ्यावर हृदयाची आकृती काढता काढता तिचा हात थांबला. खडू हातात, तोंड फळ्याकडे, आणि मागे वळायचं म्हटलं तर वळवेना. दुखत काही नव्हतं, चक्करही नव्हती. पण मागे वळून वर्गभर चेहऱ्यांकडे बघायला जे काही लागतं, ते तिच्यात उरलंच नव्हतं. मुलं आधी हसली, मग कुजबुजली, मग एकदम गप्प झाली. शेवटी पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि शेजारच्या वर्गातल्या बाईंना बोलावून आली.

तसं ते त्या दिवशीच आलेलं नव्हतं. आधी कितीतरी महिने ती पहाटे टक्क जागी व्हायची आणि उजाडूच नये असं वाटत पडून राहायची. आमटीत दोनदा मीठ पडायचं. बाथरूममध्ये नळ सोडून रडायची आणि तोंड धुऊन बाहेर यायची. नवरा राकेश विमानतळावर कार्गोत शिफ्टची नोकरी करायचा. त्याला वाटायचं, शाळेचा ताण आहे, परीक्षा संपल्या की ठीक होईल. शाळेतून फोन आला तेव्हा मात्र त्याने शिफ्ट सोडली, टॅक्सी केली, आणि तिला घेऊन थेट डॉक्टरकडे गेला.

डॉक्टर बाई वयाने लहान होत्या पण बोलायला शांत. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "याला डिप्रेशन म्हणतात. हा आजार आहे, तुमचा आळस नाही आणि तुमची चूकही नाही. औषध लागेल, बोलणं लागेल, आणि वेळ लागेल."

प्रितीने मान हलवली. 'चूक नाही' हे शब्द तिला ऐकू आले, पण खरे वाटले नाहीत.

ती रजेवर गेली त्याच सुमारास त्यांचं घर बदललं. जुनी चाळ पाडून तिथेच टॉवर उभा राहिला होता आणि गमऱ्यांना सतराव्या मजल्यावर घर मिळालं होतं. दोन खोल्या, घरातच संडास, खिडकीतून दूरवर समुद्राची एक पट्टी. ज्याची तीस वर्षं वाट पाहिली ते घर मिळालं, आणि त्यात प्रिती भिंतीकडे तोंड करून झोपलेली असायची.

तिची सासू कमलाबाई हे सगळं पाहत होती. सत्तरी गाठलेली, काटक, तोंडाची फटकळ. चाळीत असताना तिचा दिवस गॅलरीत जायचा. नव्या घरात आल्यापासून मात्र ती दोन खोल्यांत येरझाऱ्या घालायची, आणि मनातलं साठलं की रत्नागिरीच्या बहिणीला फोन लावायची. एकदा प्रितीने आतल्या खोलीतून तो फोन ऐकला.

"नवरा चांगला, पोरगी हुशार, नवं घर. मग दुःख कसलं गो? आमच्या वेळेला असलं दुखणं नव्हतं. असलं तरी त्याच्यासाठी बसायला वेळ नव्हता."

प्रितीला राग आला नाही. राग यायलाही थोडी शक्ती लागते. तिला वाटलं, आई खरंच तर बोलतात.

औषध सुरू होऊन काही आठवडे गेल्यावर झोप थोडी लागायला लागली. ती उठून आंघोळ करू लागली, कधी मुलीची वेणी घालू लागली. मनवा सातवीत होती. आईला काय झालंय हे तिला राकेशने समजावून सांगितलं होतं. वेणी घालून घेताना ती मुद्दाम हलायची नाही, घाई करायची नाही. डॉक्टर म्हणाल्या, "आता रोज एकदा घराबाहेर पडायचं. लांब नको. पहिल्या दिवशी नुसतं दारात उभं राहिलात तरी चालेल. दुसऱ्या दिवशी थोडं पुढे. मन तयार होण्याची वाट बघू नका. आधी पाय, मागून मन."

प्रितीने ते ऐकलं, घरी आली आणि चार दिवस दारातही गेली नाही.

पाचव्या दिवशी दुपारी ती पाणी प्यायला उठली तर कमलाबाई उंबऱ्याजवळ उभी. पांढरी साडी, डोक्यावर पदर, हातात मेणबत्त्यांची पिशवी. पौर्णिमा होती. चाळीचा बुद्धविहार आता टॉवरच्या खाली, गेटजवळच्या एका हॉलमध्ये होता. लग्न होऊन आल्यापासून चाळ सुटेपर्यंत कमलाबाईने पौर्णिमेची वंदना चुकवलेली नव्हती.

"जाताय का आई?" प्रितीने विचारलं.

"जाते की."

पण ती हलली नाही. प्रिती पाणी पिऊन परत आली तरी ती तिथेच. मग प्रितीच्या ध्यानात आलं, की या घरात राहायला आल्यापासून आई एकदाही खाली उतरलेल्या नाहीत. भाजी राकेश आणतो, दूध वर येतं. मागच्या पौर्णिमेला पाय दुखतो म्हणाल्या होत्या. त्याच्या मागच्या पौर्णिमेलाही.

"लिफ्टची भीती वाटते का?"

कमलाबाई आधी चिडली. "भीती कसली? पन्नास वर्षं ह्या मुंबईत काढली मी." मग तिने पिशवी खाली ठेवली आणि भिंतीला टेकली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "तो डबा बंद होतो ना, तेव्हा छातीत असं धडधडतं. राकेशने आणलं ना सामानाबरोबर वर, तेव्हा मला वाटलं मेले मी. मला ठाऊक आहे, ती पडत नाही. मनवा दिवसातून चारदा जाते. सगळं कळतं. पण पाय उचलत नाही त्याला मी काय करू?"

प्रिती तिच्याकडे बघत राहिली. कितीतरी दिवसांनी कोणीतरी तिला समजेल असं काही बोललं होतं.

"आई," ती म्हणाली, "माझंही तसंच आहे. मलाही सगळं कळतं. राकेश चांगला आहे, मनवा चांगली आहे, घर मिळालंय. सगळं ठाऊक आहे मला. पण पाय उचलत नाही."

कमलाबाईने पदराने तोंड पुसलं. बहिणीशी फोनवर काय काय बोललो ते तिला आठवलं असावं, कारण तिने सुनेकडे बघायचं टाळलं. मग थोड्या वेळाने म्हणाली, "मग तुझी डॉक्टर काय सांगते?"

"पहिल्या दिवशी नुसतं दारात उभं राहा म्हणतात."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग चल," कमलाबाई म्हणाली. "उभं राहू."

त्या पौर्णिमेला कमलाबाईने वंदना घरातच केली. पण दोघी जणी लिफ्टपर्यंत गेल्या, बटण दाबलं, दार उघडलं, आतली रिकामी जागा बघितली आणि परत आल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. आत पाऊल टाकलं, बाहेर घेतलं. वरच्या मजल्यावरचा एक तरुण लिफ्टमध्ये होता, तो म्हणाला, "आजी, येताय का?" कमलाबाई म्हणाली, "तू जा बाबा, आमची तालीम चालू आहे." प्रितीला हसू आलं. आपण हसलो हे तिला घरात आल्यावर कळलं.

मग एक मजला. मग दोन. कमलाबाई डोळे मिटून सुनेचा दंड घट्ट धरायची आणि ओठातल्या ओठात 'बुद्धं सरणं' म्हणत राहायची. ज्या दिवशी प्रितीचं मन अगदीच बसलेलं असायचं त्या दिवशीही ती उठायची, कारण दारात कमलाबाई चपला घालून तयार असायची आणि आपण गेलो नाही तर ती जाणार नाही हे तिला माहीत होतं. स्वतःसाठी उठणं तिला जमत नव्हतं. आईंसाठी जमत होतं. हे तिने डॉक्टरांना थोडं शरमून सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, "काही हरकत नाही. ज्या कारणाने उठता येतं त्या कारणाने उठा. फक्त गोळ्या चुकवू नका."

हळूहळू त्या पहिल्या मजल्यापर्यंत पोहोचल्या. पार्किंगच्या डोक्यावर, पहिल्या मजल्याला, टॉवरवाल्यांनी बाग केली होती. चार कुंड्या, दोन झोपाळे, सिमेंटचे बाक. तिथे दोघी जणी बसायच्या. चाळीतली ओळखीची माणसं मात्र दिसायची नाहीत. ती सगळी याच टॉवरमध्ये होती, पण कुणाचं दार कुठल्या मजल्यावर ते कुणालाच धड ठाऊक नव्हतं. "चाळीत नुसतं शिंकलं तरी चार जणी विचारायच्या," कमलाबाई म्हणायची. "इथं मेलं तरी लिफ्टला कळेल आधी."

पुढच्या पौर्णिमेला कमलाबाई विहारात जाऊन बसली. प्रिती तिच्याशेजारी होती.

घरातल्या सगळ्यांना वाटलं, आता सुधारतंय. प्रितीलाही वाटलं. म्हणून दिवाळीची सुट्टी संपल्यावर ती एका सकाळी, कुणी सांगितलेलं नसताना, शाळेत गेली. नुसतं भेटून यायचं होतं. मुख्याध्यापिका राणे मॅडमनी चहा मागवला, सगळ्यांनी चौकशी केली. कुणी म्हणालं, बारीक झालीस. कुणी म्हणालं, नववीचा पोर्शन फार मागे राहिलाय, तू लवकर ये. मग मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि कॉरिडॉरमध्ये मुलांचा लोंढा आला. "मॅडम आल्या, मॅडम आल्या." प्रिती भिंतीला चिकटून उभी राहिली. मग ती कशीबशी गेटबाहेर आली, टॅक्सीत बसली आणि घरी येऊन पांघरूण घेतलं.

त्यानंतर ती पुन्हा उठेना. या वेळी तिला आधीपेक्षा वाईट वाटत होतं, कारण आधी निदान बरं होण्याची आशा तरी होती. राकेश रजा टाकून दोन दिवस घरी बसला. त्याने बाजूला बसून तिचे पाय चेपले.

"तुला कुणी शाळेत जा म्हणालं होतं का?" त्याने विचारलं.

"मला वाटलं, झाले मी बरी."

"होशील की."

"आणि नाही झाले तर?"

राकेशने तिच्या पायांवर पांघरूण ओढलं. तो म्हणाला, "तरी मी इथेच आहे." मग त्याने डॉक्टरांना फोन लावून दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली. डॉक्टरांनी औषध थोडं वाढवलं आणि एवढंच सांगितलं, की असं होतं, पुष्कळांचं होतं, मागे येणं म्हणजे पहिल्यापासून सुरुवात नव्हे.

राकेश कामावर गेला त्या दुपारी कमलाबाई आतल्या खोलीत आली. पलंगाच्या कडेला टेकली. प्रितीला वाटलं, आता काहीतरी लागट बोलणार. पण तिने सुनेच्या केसांवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाली, "मी बागेत जाऊन येते. तू पड."

"एकट्या?"

"मग? तुझे पाय आज उचलत नाहीत, माझे उचलतायत. तेवढे वापरते."

दार लागल्याचा आवाज झाला. प्रिती पडून राहिली, पण तिचं लक्ष लागेना. अर्धा तास झाला, तास झाला. तिने खिडकीतून खाली पाहिलं. बागेतले बाक वरून दिसायचे. सगळे रिकामे होते. आई फोन घरीच विसरल्या होत्या. प्रिती तशीच, चुरगळलेल्या गाऊनवर ओढणी टाकून, लिफ्टकडे निघाली.

लिफ्टचं दार उघडलं तर आत कमलाबाई. तिच्याबरोबर एक जाडजूड म्हातारी, हातात काठी, नाकात मोठी मोरणी. चाळीत समोरच्या बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या सुभद्रा काकू. पाणी भरताना दोघींची वीस वर्षं भांडणं झालेली.

"कुठे होतात आई?" प्रितीचा आवाज चढला होता. तिचा तिलाच तो अनोळखी वाटला.

"ओरडू नको, सांगते," कमलाबाई म्हणाली. पण ती खुशीत होती. "मी एक नंबर दाबला. दार उघडलं तर बाग नाहीच. नुसती दारं. आणि एका दाराला खुर्ची लावून ही बया दार उघडं टाकून बसलेली. येताना एका पोराने सतराचं बटण दाबून दिलं."

सुभद्रा काकू म्हणाल्या, "चाळीची सवय गो. दार लावन् बसला की माझो जीव घाबरता. झील येता तेव्हा खाली नेता, नायतर मी थयच. त्या बटनांवरचे आकडेच माका कळनत नाय."

"एक नंबर दाबलात ना नक्की?" प्रितीने विचारलं.

"दाबला की. दाखवते."

कमलाबाईने लिफ्टच्या बटणांवर बोट ठेवलं. बोट इंग्रजी नऊवर होतं.

प्रिती क्षणभर बघत राहिली आणि मग तिला उमगलं. इंग्रजी नऊचा आकडा अगदी मराठी एकसारखा दिसतो. कमलाबाई रात्रशाळेत चौथीपर्यंत शिकलेली, पेपर वाचणारी बाई. पण तिचे आकडे सगळे मराठी. तिने वाचला तो एकच होता, आणि ती नवव्या मजल्यावर उतरली होती.

"आई, तुम्ही चुकला नाहीत," प्रिती म्हणाली. "तुम्ही बरोबरच वाचलंत. बटण दुसऱ्या भाषेतलं आहे."

"मग आम्हाला ती भाषा शिकव," कमलाबाई म्हणाली. "आत्ता शिकव. ही परत नवव्यावर गेली की तिचा मुलगा येईपर्यंत खाली यायची नाही."

प्रितीला शिकवायचं नव्हतं. पण दोन म्हाताऱ्या तिच्या पलंगावर येऊन बसल्या होत्या, सुभद्रा काकूंनी पाय सैल सोडले होते आणि चहा मागितला होता. प्रितीने चहा टाकला. मग जुन्या कॅलेंडरचं एक पान उलटं केलं आणि मनवाच्या स्केचपेनने आकडे काढायला घेतले. वर मराठी, खाली इंग्रजी. दोन आणि तीन तर जवळपास सारखेच, त्यांची भीती नको. शून्य तेच. नऊला फसायचं नाही. मराठी चारासारखा दिसतो तो इंग्रजी आठ. सात म्हणजे वाकलेली काठी.

"म्हणजे माझीच," सुभद्रा काकू काठी उचलून म्हणाल्या. आपल्या घराचा नऊ त्यांनी तीनदा गिरवला.

संध्याकाळ कधी झाली ते प्रितीला कळलं नाही. राकेश घरी आला तेव्हा ती बिनविंचरल्या केसांनी जमिनीवर बसलेली होती आणि दोन म्हाताऱ्यांची तोंडी परीक्षा चालू होती. तो दारातच थांबला. मग आत जाऊन त्याने कुकर लावला.

सुभद्रा काकूंनी दुसऱ्या दिवशी आणखी एकीला आणलं. तिने तिच्या जावेला. कळलं असं, की टॉवरभर अशा बायका होत्या. चाळीत ज्यांचा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, त्या आता आपापल्या मजल्यावर अडकून पडल्या होत्या. कुणाला लिफ्टची धास्ती, कुणाला आकड्यांची, कुणाला फोनवर आलेला मेसेज उघडता येत नव्हता. दुपारच्या वेळी त्या बागेतल्या बाकांवर जमायला लागल्या. प्रिती आधी लिफ्टने एकेकीला आणायला जायची, मग त्याच एकमेकींना आणायला लागल्या.

शिकवताना तिच्या एक गोष्ट लक्षात आली. इथे पोर्शन नव्हता. कुणी मागे पडत नव्हतं, कारण पुढे कुणीच नव्हतं. एक बाई पाच आणि सहा यांत रोज घोटाळा करायची आणि रोज तितकीच हसायची. प्रितीला आठवलं, नोकरीच्या पहिल्या वर्षी तिला पाचवीचा वर्ग मिळाला होता. पेला पाण्यात उपडा घातला तरी आतला कागद कोरडा राहतो, हे बघून मुलं बाकावर चढली होती. तेव्हा तिला ते काम फार आवडलं होतं. मग दहावी आली, निकाल आले, टक्के आले, रविवारचे जादा तास आले.

सगळे दिवस सारखे नव्हते. काही दुपारी ती बाकावर नुसती बसून राहायची आणि बायकांना सांगायची, "आज माझं मन बरं नाही." पहिल्यांदा हे सांगताना तिला भीती वाटली होती, आता त्या काय म्हणतील. एकीने विचारलं, "सर्दी-ताप काय?" कमलाबाईने परस्पर उत्तर दिलं, "नाही गो. मनाचा आजार आहे, औषध चालू आहे. जरा सरक, तिला बसू दे." कुणीही सल्ला दिला नाही. कुणीतरी डब्यातली घावनं पुढे केली.

त्या रात्री जेवताना प्रिती सासूला म्हणाली, "तुम्ही एवढं सहज सांगितलंत."

"मग काय लपवायचं? गुडघ्याचं सांगतो तसं." कमलाबाईने ताटातला भात कालवला. "मी तुला नको ते बोलले, तू आजारी पडलीस तेव्हा. तुला माहीत आहे ना?"

"आहे."

"ते धरून बसू नको."

"नाही धरलं," प्रिती म्हणाली, आणि ते खरं होतं.

फेब्रुवारीत ती राणे मॅडमना भेटायला गेली. या वेळी डॉक्टरांना सांगून, शाळा सुटल्यावर, राकेशला गेटवर उभं करून. तिने काय म्हणायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं.

"मॅडम, मला नववी-दहावी इतक्यात नको. पाचवी-सहावीत काही मुलं वाचनात, गणितात मागे असतात ना, त्यांचा तास कुणी घेत नाही. तो मला द्या. आधी अर्धा दिवस."

राणे मॅडम थोडा वेळ पेन फिरवत राहिल्या. "तू आमची दहावीची सगळ्यात चांगली टीचर आहेस, प्रिती. लोक म्हणतील, खाली आली."

"म्हणू दे. मला उभं राहायचंय. सध्या तिथेच उभं राहता येईल असं वाटतं."

"आणि नाही जमलं तर?"

"तर तुम्हाला येऊन सांगेन. पळून नाही जाणार."

राणे मॅडमनी होकार दिला. त्यांनाही माहीत होतं, त्या मुलांसाठी कुणी तयार होत नव्हतं.

जूनमध्ये प्रिती कामावर रुजू झाली. पहिल्या आठवड्यात एक दिवस तिला मधूनच बाहेर यावं लागलं. तिने नळावर तोंड धुतलं, पाच मिनिटं पायरीवर बसली आणि परत आत गेली. मुलं तशीच बसली होती. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "बाई, बरं वाटत नाही का?" ती म्हणाली, "मघाशी वाटत नव्हतं. आता थोडं वाटतंय. पुस्तक उघडा." डॉक्टरकडे ती अजून जाते. गोळ्या अजून चालू आहेत, फक्त आता त्या ती स्वतःच्या स्वतः घेते, राकेशला आठवण करून द्यावी लागत नाही.

परवा शाळेतून यायला तिला उशीर झाला. दादरला उतरून मनवासाठी वह्या घ्यायच्या होत्या, त्यात वेळ गेला. बाकांवर बायका ताटकळल्या असतील म्हणून ती घाईघाईने पहिल्या मजल्यावर आली. तर वर्ग सुरू झालेला होता. मधोमध कमलाबाई उभी, हातात कुणाच्या तरी नातीचा फोन, आणि ती व्हिडिओ कॉल कसा लावायचा ते चुकीचं शिकवत होती. रत्नागिरीच्या बहिणीचा अर्धा चेहरा आणि बराचसा पंखा स्क्रीनवर दिसत होता, आणि सगळ्या जणी एकाच वेळी तिच्याशी बोलत होत्या.

कुणीतरी म्हणालं, "बाई आल्या."

"येऊ दे," कमलाबाई मागे न बघता म्हणाली. "तू बस गो प्रिती, दमली असशील. माझं होऊ दे."

प्रितीने चपला काढल्या, बाकाच्या टोकाला जागा करून घेतली आणि पाय वर घेऊन बसली. आईंनी कॅमेरा उलटा धरलाय हे तिला दिसत होतं. सांगायचं का, असा तिने विचार केला. मग शेजारच्या सुभद्रा काकूंनी पुढे केलेल्या डब्यातला लाडू घेतला आणि खात खात पुढे काय होतं ते बघत राहिली.